मटणाच्या फोडी कुणाच्या ताटात?

'रेड मीट? छे हो ताई, आम्ही कुठलं रेड मीट खातोय! आम्ही आपलं रविवारी मटण करतो, तेवढंच.'

आमच्या भागातल्या महिला मंडळाने गेल्या वर्षी आहार या विषयावर चार-पाच बैठका घेतल्या. पहिल्याच बैठकीत एका काकूंनी हे वाक्य टाकलं आणि बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. काकूंच्या यजमानांची वर्षभरापूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. घरी सोडताना दवाखान्यातून जो कागद दिला त्यावर 'लाल मांस टाळा' असं स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं. काकूंनी तो कागद स्वयंपाकघरातल्या खिळ्याला जपून अडकवला होता आणि दर रविवारी त्याच्याच साक्षीने गॅसवर तांबडा-पांढरा रस्सा उकळत होता!

काकू अडाणी नाहीत. जुन्या मॅट्रिक आहेत, पेपर वाचतात. पण 'लाल मांस' हा शब्दच आपल्या तोंडातला नाही. तो ऐकला की डोळ्यांसमोर येते ती परदेशी सिनेमातली बशी आणि तिच्यातला सुरी-काट्याने कापायचा जाडजूड तुकडा. आपल्या पातेल्यातल्या बोकडाच्या फोडींचा त्याच्याशी काही संबंध आहे असं मनातही येत नाही. आपलं मटण शिजून तपकिरी झालेलं असतं, मग ते लाल कसं?

तर मैत्रिणींनो, आधी हेच स्पष्ट करू. शेळी, बोकड, मेंढी, डुक्कर, गाय, म्हैस अशा सस्तन प्राण्यांचं मांस म्हणजे लाल मांस. कच्चं असताना ते लाल दिसतं, कारण त्या स्नायूंमध्ये लोह असलेलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन भरपूर असतं. कोंबडी आणि मासे यात येत नाहीत. म्हणजे आपलं रविवारचं मटण हे शंभर टक्के लाल मांस. डुकराचं मांस दिसायला फिकट, तरी तेही लालच.

आता हे कोल्हापूर भागात राहून लिहायचं म्हणजे धाडसच आहे! जिथे २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर उतरले, जिथे पाहुण्याला मटणाचं ताट वाढलं नाही तर पाहुणचार झाला असं कुणी मानत नाही, तिथे 'मटण कमी खा' म्हणणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मी अनुभवलंय. धुळवडीला मटण, आषाढ संपताना मटण, श्रावण सुटला की मटण, जावई आला की मटण, नवी गाडी घेतली की मटण. आजारातून उठलेल्याला अळणी पाजायचं, बाळंतिणीला पायाचं सूप द्यायचं. आमच्याकडे मटण हे अन्न आहे, औषध आहे आणि मानपानही आहे. त्यामुळे 'मटण वाईट' असं एका वाक्यात सांगून कुणी ऐकत नाही. खरं तर तसं सांगणं बरोबरही नाही. कुणाला वाईट, किती वाईट आणि कुठल्या रूपात वाईट, हे सुटं करून बघायला हवं.

सगळ्यात जास्त भीती कॅन्सरची, म्हणून आधी तीच घेते. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था फ्रान्समधल्या लिऑं शहरात आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे १० देशांतले २२ तज्ज्ञ जमले, त्यांनी आठशेहून जास्त अभ्यास तपासले आणि दोन निष्कर्ष जाहीर केले. प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यांसारखं मीठ लावून, मुरवून, धुरी देऊन टिकवलेलं मांस, माणसात कॅन्सर निर्माण करतं, हे पुरेशा पुराव्याने सिद्ध आहे. म्हणून ते पहिल्या गटात. आणि साधं लाल मांस 'बहुधा' कॅन्सर निर्माण करत असावं, म्हणून ते त्याखालच्या गटात. दोन्हींचा संबंध मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरांत 'मांस हे सिगरेटइतकंच घातक' अशा बातम्या झळकल्या, कारण सिगरेट-तंबाखूही पहिल्याच गटात आहे. पण त्या गटात असणं म्हणजे धोका तेवढाच मोठा असणं नव्हे. पुरावा किती पक्का आहे, एवढंच त्या गटावरून कळतं. त्या संस्थेनेच तेव्हा दिलेले आकडे बघा. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अति सेवनामुळे जगात वर्षाला सुमारे ३४ हजार कॅन्सर मृत्यू, तर तंबाखूमुळे सुमारे दहा लाख! आमच्या एका बैठकीत एका आजींनी मला 'मटणानं क्यान्सर हुतो म्हंत्यात, खरं का गं?' असं विचारलं. विचारताना त्यांचं बोट दातांवरून फिरत होतं आणि डाव्या हातात मिश्रीची डबी होती. आता काय बोलायचं?

आकड्यांचंही तसंच. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. साध्या लाल मांसाचा धोका खरा असेल तर तो रोजच्या १०० ग्रॅममागे १७ टक्क्यांनी वाढत असावा, असा अंदाज आहे. १८ टक्के ऐकून घाबरायला होतं. पण हे १८ टक्के मूळ धोक्यावरचे. पाश्चात्त्य देशांत शंभरातल्या साधारण पाच जणांना आयुष्यात कधी तरी हा कॅन्सर होतो, तो आकडा सहाच्या जवळ जाईल, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हा कॅन्सर मुळातच त्या देशांपेक्षा बराच कमी आहे. आणि 'रोज' हा शब्द विसरू नका. रोज १०० ग्रॅम मटण खाणारी बाई मला तरी आजवर भेटलेली नाही. पुरुष भेटलेत.

हृदयाचं मात्र आपल्याला जास्त गांभीर्याने घ्यायला हवं, कारण हृदयविकार आपल्या माणसांना तुलनेने लवकर गाठतो. मटणात संपृक्त चरबी असते, ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि ते रक्तवाहिन्यांच्या आत साठत जातं, ही गोष्ट जुनी आणि पक्की. पण इथे एक गंमत आहे. बोकडाचं निव्वळ मांस, वरची पांढरी चरबी काढून टाकली तर, मेंढीपेक्षा बरंच कमी चरबीचं असतं. मग चरबी येते कुठून? आपणच घालतो! दुकानात उभं राहून 'जरा चरबी टाका भाऊ, चव येत नाही' म्हणणारे आपणच. मग घरी पळीभर तेलात मसाला परतायचा, रश्श्यावर बोटभर कट आला पाहिजे, नाही तर 'रस्सा जमला नाही' म्हणून घरचे नाक मुरडणार. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू. नारळातली चरबीही संपृक्तच. शिवाय मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मटणाच्या जेवणात दोन्ही रस्से, सुकं, सोबत लोणचं आणि पापड धरले तर एकाच जेवणात तेवढं मीठ पोटात जात असेल. तेव्हा बिचाऱ्या बोकडावर सगळा दोष टाकता येत नाही.

मधुमेहाचंही थोडं सांगते. २०२४ मध्ये २० देशांतल्या जवळजवळ २० लाख लोकांची माहिती एकत्र करून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज १०० ग्रॅम लाल मांस खाणाऱ्यांत टाइप टू मधुमेहाचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी जास्त दिसलं, तर प्रक्रिया केलेल्या मांसाच्या बाबतीत ५० ग्रॅमलाच १५ टक्के. याउलट २०२१ साली भारतासह २१ देशांत केलेल्या एका अभ्यासात साध्या लाल मांसाचा हृदयविकाराशी संबंध दिसला नाही. पण आठवड्याला १५० ग्रॅमच्या वर प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे विकार स्पष्टपणे जास्त आढळले. आपल्यासारख्या देशांत मांस मुळातच कमी खाल्लं जातं, हेही त्यामागे असू शकतं. सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हे खरं. पण डबाबंद, मुरवलेल्या मांसाबद्दल ते बऱ्यापैकी एका सुरात बोलतात.

मग किती खाल्लेलं चालतं? कॅन्सर प्रतिबंधासाठी काम करणाऱ्या जागतिक कॅन्सर संशोधन निधीचं म्हणणं असं, की शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. आता याचा आपल्या भाषेत हिशेब करू. किलोभर मटण आणलं की त्यात हाडं आली. हाडं वजा जाता पाऊण किलोच्या आसपास मांस उरतं, ते शिजून आक्रसतं आणि उरतं साधारण अर्धा किलो. पाच माणसांच्या घरात सारखं वाटलं तर प्रत्येकाला १०० ग्रॅम. म्हणजे आठवड्यातून एकदा केलेलं मटण या मर्यादेच्या कितीतरी आत आहे!

बैठकीत मी हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा बायका खूश झाल्या. पण मागून एक वहिनी म्हणाल्या, 'ताई, सारखं वाटलं तर ना?'

त्या एका प्रश्नाने माझा अख्खा फळा पुसला गेला.

खरंच, आपल्या घरात किलोभर मटण वाटलं कसं जातं? नळी घरच्या कर्त्या पुरुषाला. मांडीच्या फोडी मुलांना, म्हणजे मुलग्यांना. कलेजी तळून आधीच कुणाच्या तरी बशीत गेलेली असते. सगळे पुरुष उठले की पातेल्यात उरतो रस्सा, चार हाडं आणि बटाटा. मग सासू-सुना बसतात. आणि घरातल्या पुरुषाचा हिशेब रविवारी संपत नाही. बुधवारी मित्रांबरोबर ढाबा, शुक्रवारी कुणाची तरी पार्टी, मध्ये एखाद्या निवडणुकीचं जेवण. त्याचं आठवड्याचं मटण सहज पाऊण किलोवर जातं आणि त्याच्या बायकोचं शंभर ग्रॅमवरही येत नाही. एकाच घरात, एकाच पातेल्यातून जेवणारी दोन माणसं. त्यातल्या एकाला जास्तीचा धोका आणि दुसरीला कमतरतेचा.

यावरून दुसऱ्या एका घराची गोष्ट सांगते. तिथेही यजमानांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाईट आला, डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलं. सासूबाईंनी निर्णय दिला, 'ज्याला चालत नाही त्याच्यासमोर बाकीच्यांनी खायचं नाही. घरात मटण बंद.' मटणाबरोबर अंडीही गेली. भावना चांगलीच होती. पण झालं असं, की यजमान हायवेवरच्या ढाब्यावर आपलं खात राहिले (ते पुढे उघडकीला आलं), आणि घरातल्या तीन बायकांचं मात्र खरोखरच बंद झालं. त्यातली एक अकरावीतली मुलगी. आमच्या मंडळाने कॉलेजात हिमोग्लोबिन तपासणी ठेवली तेव्हा तिचं आलं ८.४. बाईचं किमान १२ असायला हवं. जिना चढताना दम लागतो, वर्गात डोळ्यांवर झापड येते, ही तिची तक्रार घरात 'अभ्यासाचा कंटाळा' म्हणून खपून गेली होती.

मी तिच्या आईला विचारलं, 'आधी मटण व्हायचं तेव्हा ती खायची का?' आई म्हणाली, 'तिला फोडी आवडतच नाहीत, रस्साच आवडतो.' आणि लगेच पुढे, 'मला पण लहानपणापासून रस्साच आवडतो.'

हे 'आवडतं' मी इतक्या घरांत, इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. जे ताटात येत नाही ते न आवडण्याची सवय मुली फार लवकर लावून घेतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के. पुरुषांमध्ये देशात २५ टक्के. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९. दर महिन्याला रक्त जातं ते आपलं, लोह जास्त लागतं ते आपल्याला, आणि लोहाचं सर्वात सहज पचणारं अन्न जातं समोरच्या ताटात!

'सहज पचणारं' असं का म्हटलं ते सांगते. पालेभाजी, बाजरी, नाचणी, डाळी यांतही लोह असतं, पण त्यातला फार थोडा भाग शरीर शोषून घेतं. बऱ्याचदा शंभरातले पाच-दहा भागच. मांसातलं लोह वेगळ्या रूपात असतं, त्याला हीम लोह म्हणतात. त्यातले १५ ते ३५ भाग शोषले जातात. शिवाय मांसाचा थोडासा तुकडा सोबत असला तर भाकरी-भाजीतलं लोहही जास्त चांगलं शोषलं जातं. म्हणजे मुलीच्या ताटात वाडगाभर मटण पाहिजे असंही नाही. भाकरी, पालेभाजी आणि दोन-तीन खऱ्याखुऱ्या फोडी असल्या तरी फरक पडतो. पण फोडीच हव्यात. बहुतेक लोह मांसातच राहतं, रश्श्यातून ते विशेष काही पोचत नाही. जेवण झाल्या झाल्या चहा घ्यायची सवयही मोडायला हवी, चहा भाकरी-भाजीतल्या लोहाला अडवतो. लिंबू पिळलं तर उलट मदतच होते.

आणि आता विचित्र भाग. हेच हीम लोह, जे त्या मुलीला हवंय, तेच प्रमाणाबाहेर गेलं की मोठ्या आतड्याच्या अस्तराला त्रास देतं आणि तिथे घातक नायट्रोजनी संयुगं तयार व्हायला मदत करतं असं संशोधक मानतात. मांसामुळे होणाऱ्या कॅन्सरची जी कारणं सांगितली जातात, त्यातलं हे एक मोठं. दुसरं कारण म्हणजे आच. थेट विस्तवावर किंवा फार तापलेल्या तव्यावर मांस करपलं की त्यात कॅन्सरकारक द्रव्यं तयार होतात. त्या बाबतीत आपली मंद आचेवर, पाण्यात मटण शिजवायची पद्धत कितीतरी बरी. करपलेल्या सीगकबाबपेक्षा आजीचा रस्सा चांगला, असं आता विज्ञानच म्हणतंय म्हटल्यावर आजी खूश!

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. ८.४ वर मटण खाऊन भागत नाही. सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी तिला लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध दिलं. त्यांनीच तिच्या आजीला समोर बसवून समजावलं, की मुलाचं पथ्य नातीला लावू नका. घरात पंधरा दिवसांनी अर्धा किलो मटण यायला लागलं, अंडी रोज. कट चमच्याने काढून टाकायचा. रात्री रस्सा फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी चरबी वर गोठते, ती अलगद काढता येते. नात आणि सून आधी वाढून घेणार, यजमानांना चरबी नसलेल्या दोन फोडी. यजमान थोडे फुगून बसले म्हणे. तीन महिन्यांनी मुलीचं हिमोग्लोबिन १०.६ झालं, गोळ्या अजून चालू आहेत. ढाबा बंद झाला की नाही ते मी विचारलेलं नाही.

कागद खिळ्याला लावणाऱ्या त्या काकूंनीही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, 'टाळा म्हणजे किती?' उत्तर मिळालं, महिन्यातून दोनदा, शंभर ग्रॅमच्या आत, चरबी आणि कट नको, कलेजी-भेजा-खिमा अजिबात नाही. पण हे त्यांच्या यजमानांपुरतं. तुमच्या घरातल्या हृदयरोग्याचं प्रमाण त्याच्या डॉक्टरांनाच विचारा. विचारायचं मात्र नक्की, कारण 'टाळा' या शब्दाचा अर्थ घरोघर वेगळा लागतो.

आणखी काही जणांनी जास्त जपायला हवं. युरिक ॲसिड वाढून ज्यांचा पायाचा अंगठा सुजतो त्यांना मटण, आणि त्यातही कलेजी-गुर्दा, हमखास त्रास देतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं मोजून खावी लागतात. गरोदर बायकांना 'रक्त वाढेल' म्हणून रोज कलेजी खाऊ घालणाऱ्या सासवा अजून आहेत. कलेजीत लोह असतं हे खरं, पण अ जीवनसत्त्व इतकं जास्त असतं की ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. गरोदरपणात कलेजी नकोच, साध्या फोडी द्या.

एक विषय बायका कुजबुजत काढतात. 'ताई, मोठ्याचं खाल्लं तर?' आमच्या बैठकांना सगळ्या वस्त्यांतून बायका येतात, आणि त्यातल्या काहींच्या घरी बोकडाचं मटण कधीच परवडलेलं नाही. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईची आणि २०१५ पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद झाली, म्हशी-रेड्याची बंद नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं लिहून ठेवलं, तेव्हा चान्यांसारखे, म्हणजे वाळवून ठेवलेल्या मांसाच्या तुकड्यांसारखे पदार्थ बऱ्याच वाचकांनी पहिल्यांदा ऐकले. अशा घरांत ते हौसेचं खाणं नव्हतं, भुकेला आधार होता. आरोग्याच्या दृष्टीने मोठ्याचं काय किंवा लहानाचं काय, लाल मांसाचे नियम दोन्हींना सारखेच. त्या बाईला मी तेवढंच सांगितलं. कुजबुजायचं कारण नाही, हेही सांगितलं.

मला खरी काळजी वाटते ती डब्यांची. सकाळी घाई, मुलाला भाजी-पोळी नको, मग फ्रीजरमधली सॉसेज काढली, परतली, ब्रेडमध्ये घातली, झालं. आठवड्यातून तीन-चारदा! 'चिकनची आहेत हो, रेड मीट नाही' असं आया सांगतात. पण कोंबडीचं सॉसेज, सलामीसुद्धा मीठ आणि नायट्राइटसारखी टिकवण्याची द्रव्यं घालून केलेली असतात. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या व्याख्येत तीही येतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. गोव्याला गेलो की आपण हौसेने आणतो ते चोरीससुद्धा याच गटातलं, पण ते वर्षातून एकदा येतं. डब्यातलं सॉसेज दर आठवड्याला येतं. रविवारच्या मटणावरून घरात महाभारत करणाऱ्या आया या डब्याबद्दल गप्प असतात याचं मला नवल वाटतं. त्यापेक्षा उकडलेलं अंडं द्या, रात्रीचं उरलेलं सुकं मटण पोळीत गुंडाळून द्या. अगदी मटणच देते आहेस म्हणून कुणी नावं ठेवली तरी द्या.

आणि आपलं काय? चाळिशी ओलांडलेल्या, पन्नाशीकडे निघालेल्या आपल्यासारख्यांचं? पाळी चालू असेपर्यंत आपल्याला लोहाची गरज जास्त. पाळी थांबली की रक्त जाणं थांबतं, लोहाची गरज कमी होते आणि तोवर थोडंफार संरक्षण मिळालेल्या हृदयाचा धोका मात्र वाढू लागतो. म्हणजे ज्या वयात घरात आपला मान वाढतो, सुना आग्रहाने 'आई, ही नळी तुम्हाला' म्हणायला लागतात, नेमकं त्याच वयात नळी आणि कट सुनेकडे सरकवायची वेळ आलेली असते! खरं तर कट सुनेकडेही नको. तिला फोडी द्या.

शेवटच्या बैठकीत एकीने विचारलं, 'आणि गावची जत्रा असली की हो?' जत्रेला चार पातेली चढणार, पै-पाहुणे येणार, तिथे कोण शंभर ग्रॅम मोजत बसणार? मी म्हटलं, जत्रेला जेवा पोटभर. जत्रा वर्षातून एकदाच असते. फक्त त्या दिवशी बायकांची पंगत शेवटी न बसवता पुरुषांबरोबर बसवता येते का ते बघा. यावर एकदम हशा झाला. मग दोघी-तिघी आपसात बोलायला लागल्या, की आमच्याकडे भावकीत विचारून बघायला हरकत नाही, थोरल्या चुलतसासूबाईंनी मनावर घेतलं तर होईल.